ऊन गोल्डनचे, कात्री वॉशिंग्टनची

३ मे १९७८. अमेरिकेत ‘सूर्यदिन’ होता. अध्यक्ष जिमी कार्टर कोलोरॅडोतल्या गोल्डन गावी भाषणाला उभे राहिले आणि नेमका पाऊस लागला. सौरऊर्जा संशोधन संस्था तिथे आदल्याच वर्षी सुरू झाली होती. १९७३च्या तेलसंकटाचा चटका ताजा होता, त्यामुळे पैसा सुटत होता. पण पुढे संस्थेला ढगांपेक्षा राजकारणच जास्त नडले. अध्यक्षपदी रेगन आले आणि १९८१ मध्ये संचालक डेनिस हेज यांची गच्छंती झाली. १९७०चा पहिला वसुंधरा दिन उभा करणारे हेच हेज. अंदाजपत्रकाला कात्री लागली, शेकडो लोक घरी बसले. १९९१ मध्ये थोरल्या बुश यांच्या काळात तिला राष्ट्रीय प्रयोगशाळेचा दर्जा मिळाला आणि ‘एनआरईएल’ (राष्ट्रीय नवीकरणीय ऊर्जा प्रयोगशाळा) हे नाव जगभरच्या अभ्यासकांच्या तोंडी बसले.

१९८०च्या दशकात इथे जेरी ओल्सन यांनी एकावर एक दोन अर्धवाहकांचे थर चढवून सौरघट बनवला. वरचा थर निळसर प्रकाश टिपतो, खालचा तांबूस. त्याच घराण्यातले तीन थरांचे घट पुढे स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी या गाड्यांवर बसून मंगळावर गेले. २०२०चा सहा थरांचा घट तर एकवटलेल्या प्रकाशात ४७.१ टक्के कार्यक्षमतेवर पोहोचला; आपल्या गच्चीवरची पॅनेल विशीच्या आसपासच घोटाळतात. मग तोच घट गच्चीवर का नाही? परवडत नाही म्हणून. उपग्रहाला किंमत सोसते, सोसायटीला नाही.

स्वस्ताईची आशा सध्या पेरोव्स्काइट या पदार्थावर आहे. प्रयोगशाळेत त्याने पंचवीस टक्क्यांची पातळी ओलांडली, पण ओल आणि उष्णता त्याला सोसत नाही. म्हणून ८५ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रतेच्या कपाटात घट हजार-हजार तास कोंडून ठेवायचे आणि किती तग धरतात ते पाहायचे. या कंटाळवाण्या कामाची बातमी होत नाही. माझ्या मते संस्थेची खरी कमाई मात्र हीच.

दुसरे दुखणे ग्रिडचे, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या जाळ्याचे. ऊन मावळते तेव्हाच घराघरांत दिवे लागतात. २०१७ मध्ये या संस्थेने भारताचे ग्रिड सांभाळणाऱ्या ‘पोसोको’ आणि बर्कलीच्या प्रयोगशाळेसोबत आपल्या ग्रिडचा दर पंधरा मिनिटांचा हिशेब मांडला. सौर आणि पवन मिळून १६० गिगावॅट वीज ग्रिड पेलू शकेल, आणि त्यातली जेमतेम १.४ टक्के वाया जाईल, असे निघाले. त्यात महाराष्ट्रासह पश्चिम विभागाचा वेगळा अभ्यासही होता.

डिसेंबर २०२५ मध्ये संस्थेच्या नावातून ‘नवीकरणीय ऊर्जा’ हे शब्द गेले. आता ती ‘नॅशनल लॅबोरेटरी ऑफ द रॉकीज’. वीस वर्षे चालणारे संशोधन चार वर्षांच्या सरकारच्या मर्जीवर टांगायचे, हा अमेरिकेचा दोष आहे. आपणही तो गिरवू नये.