शेतातील घुबड शोधताना आणि फोटो घेताना

पिंपळगाव बसवंत परिसरात द्राक्षबागेच्या बांधावरील चिंचेखाली किंवा जुन्या विहिरीत विष्ठेचे पांढरे ओघळ दिसले, तर आधी जमिनीकडे पाहा. अंगठ्याएवढ्या केसाळ, करड्या गोळ्या सापडतील. घुबड उंदीर अख्खा गिळते आणि न पचलेले केस व हाडे अशी तोंडावाटे बाहेर टाकते. काडीने गोळी फोडा. उंदराची कवटी, पिवळसर दात दिसतील. शेजारी नाणे ठेवून पहिला फोटो याचाच घ्या. तुमच्या शिवारात उंदीर कोण मारते, याचा हा पुरावा.

पत्त्यातील बदामासारखा पांढरा चेहरा असेल तर ते गव्हाणी घुबड. लहान, ठिपकेदार, दिवसाही दिसतो तो पिंगळा. नाल्याच्या कपारीत बसणारे, शिंगांसारखे तुरे असलेले ते शृंगी घुबड.

फोटोसाठी सूर्यास्ताची वेळ बरी. घुबड अंग ताणून ताठ झाले की तुम्ही फार जवळ आलात, मागे सरका. फ्लॅश वापरू नका. दगड मारून तर मुळीच उडवू नका. दिवसा उडालेल्या घुबडामागे कावळे लागतात. ढोलीत पिल्ले असतील तर फोटोचा नादच सोडा. ठिकाण व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका. दिवाळीच्या सुमारास अंधश्रद्धेपोटी घुबडे पकडली जातात. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार हा गुन्हा आहे.

ब्रोमॅडिओलोनचे आमिष ठेवले असेल तर मेलेले उंदीर रोज गोळा करून पुरा, कारण ते खाऊन घुबडही दगावते. बागेवरील पक्षीरोधक जाळी ताणून बांधा. सैल जाळीत घुबड अडकले तर ओढाताण न करता वन विभागाच्या १९२६ क्रमांकावर फोन करा.