आधी बोलायचं, मग छापायचं

29 जानेवारी 1939. रविवार होता. पुण्याच्या गोखले हॉलमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलायला उभे राहिले. निमंत्रण गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेचं, निमित्त तिच्या वार्षिक समारंभाचं, आणि विषय 1935 च्या कायद्यातली संघराज्याची योजना. लिहून आणलेलं भाषण ठरलेल्या वेळेत मावणारं नव्हतं, म्हणून त्यांनी बोलताना काही भाग गाळला. पुढे 'फेडरेशन व्हर्सस फ्रीडम' या नावाने ते छापलं तेव्हा गाळलेलं सगळं परत घेतलं. छापण्याची दोन कारणं प्रस्तावनेत दिली आहेत. एक विषयाची निकड. दुसरं साधं, कार्यालयीन म्हणावं असं: समारंभात निमंत्रिताने केलेलं भाषण प्रसिद्ध करायचं, असा या संस्थेचा नियम आहे.

पुण्याला व्याख्यानांचं अप्रूप नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला अजून चालू आहे. इथे ऐन उन्हाळ्यात संध्याकाळी उठून व्याख्यानाला जाणारी माणसं आहेत, आणि 'मला एक छोटासा प्रश्न विचारायचा आहे' असं म्हणून दहा मिनिटं स्वतःचंच व्याख्यान देणारी तर प्रत्येक सभागृहात आहेत. पण ऐकलेलं बहुतेक तिथेच विरतं. चांगला वक्ता टाळ्या घेऊन जातो, आकडा चुकलेला असला तरी दुसऱ्या दिवशी त्याला कोणी धरत नाही. गोखले संस्थेच्या त्या नियमामुळे हे बदललं. आपलं बोलणं पुस्तिका होऊन ग्रंथालयात बसणार आहे, हे ठाऊक असलेला माणूस वेगळ्या तयारीने येतो.

संस्था स्थापन झाली 6 जून 1930 रोजी. साताऱ्याचे वकील रावबहादूर रावजी रामचंद्र काळे यांनी त्यासाठी सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीला देणगी दिली. ही सोसायटी गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1905 साली काढलेली. फर्ग्युसन कॉलेजच्या टेकडीजवळच्या तिच्याच आवारात संस्था वाढली. सोसायटीचा स्वतःचा आर्यभूषण छापखाना होता, ही गोष्ट लहान वाटते, पण भाषण छापायचं हा नियम पाळायला ती मोठी सोय होती.

पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ. ते 1966 पर्यंत त्या खुर्चीवर राहिले. संस्थेची सुरुवातीची दोन प्रकाशनं शेजारी ठेवली की या माणसाचा पिंड कळतो. एक साम्राज्यांतर्गत व्यापारी सवलतींवरचं, म्हणजे ओटावा कराराच्या काळातल्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयी. दुसरं पुण्यातल्या फळबाजाराची पाहणी. जगाचा व्यापार आणि मंडईतला दलाल, दोघांकडे सारख्याच गांभीर्याने बघायचं, ही इथली शिस्त. 'सार्वजनिक धोरण' हे शब्द विद्यापीठांच्या पाट्यांवर येण्याच्या कितीतरी आधी हे काम चाललं होतं. अभिमत विद्यापीठाचा दर्जा तर 1993 साली मिळाला.

काळ्यांच्या नावाने चालणारी व्याख्यानं हा या संस्थेचा जाहीर चेहरा. बाबासाहेबांचं भाषण याच मालिकेतलं. त्याकडे थोडं थांबून बघायला हवं, कारण त्याच्या तीनच वर्षं आधी, 1936 साली, लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना अध्यक्षीय भाषणासाठी बोलावलं होतं. भाषणाचा मजकूर पाहिल्यावर मंडळ बिचकलं, काही भाग वगळायला सांगू लागलं आणि शेवटी परिषदच रद्द झाली. बाबासाहेबांनी ते भाषण स्वतःच छापलं. न झालेल्या भाषणाचं ते पुस्तक म्हणजे 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'. एका ठिकाणी छापील मजकूर बघून यजमानांनी दार लावलं. दुसऱ्या ठिकाणी वक्त्याने न बोललेला मजकूरही यजमानांच्या नियमाखाली छापून आला. पुण्याचं सनातनीपण बाबासाहेबांना चांगलंच माहीत होतं, तेव्हा यावरून शहराला शाबासकी द्यायचं कारण नाही. श्रेय द्यायचं तर त्या नियमाला.

भाषणातही सौम्य असं काही नव्हतं. 1935 च्या कायद्याने आखलेल्या संघराज्याच्या कनिष्ठ सभागृहात 375 पैकी 125 आणि वरिष्ठ सभागृहात 260 पैकी 104 जागा संस्थानांना ठेवल्या होत्या. ब्रिटिश हिंदुस्थानातले प्रतिनिधी निवडून येणार, संस्थानांचे मात्र राजेसाहेब नेमणार. प्रजेला त्यात विचारायचा प्रश्नच नव्हता. बाबासाहेबांनी कायद्याची कलमं एकेक करून सोलली आणि दाखवलं की या वाटेने गेलं तर पूर्ण स्वातंत्र्य राहू द्या, वसाहतीचं स्वराज्यही हाती लागणार नाही, कारण योजना बदलायची म्हटली की संस्थानिकांच्या संमतीपाशी अडणार. आज वाचताना ते पाठ म्हणून वाचावं लागतं, भाषण म्हणून नाही. टाळीची वाक्यं शोधणाऱ्याची त्यात निराशा होते. सप्टेंबरमध्ये महायुद्ध सुरू झालं आणि सरकारने योजना बाजूला ठेवली, ती कायमची. त्यामुळे पुस्तिकेचा तात्कालिक विषय वर्षभरातच संपला. तरीही घटक राज्यांचा दर्जा, केंद्राचे अधिकार, घटनादुरुस्तीची रीत या प्रश्नांवर मसुदा समितीच्या अध्यक्षाचं मन दशकभर आधी कसं चाललं होतं ते इथे उघड दिसतं.

1941 चे वक्ते अमृतलाल ठक्कर. 'ठक्करबाप्पा' म्हणून सगळे त्यांना ओळखत. मूळचे इंजिनिअर, 1914 पासून सोसायटीचे सदस्य, भिल्लांमध्ये काम करून आलेले. विषय आदिवासींचा. व्हेरिअर एल्विन यांचं 'द बैगा' हे पुस्तक दोन वर्षांपूर्वी आलं होतं, आणि आदिवासींना बाहेरच्या जगापासून जपून वेगळं ठेवावं का, हा वाद पेटला होता. ठक्करबाप्पांना वेगळं ठेवणं मान्य नव्हतं. दारिद्र्य, निरक्षरता, अनारोग्य, वस्त्यांची दुर्गमता, सदोष प्रशासन आणि नेतृत्वाचा अभाव अशी सहा दुखणी त्यांनी सांगितली. हा वाद एका संध्याकाळीच संपला नाही. 1943 साली गो. स. घुर्ये यांनी एल्विन यांच्या मतांवर कठोर टीका करणारं पुस्तक लिहिलं, आणि तेही गोखले संस्थेनेच काढलं. मला स्वतःला घुर्ये यांचा सूर फार ताठ वाटतो. आदिवासींना 'मागासलेले हिंदू' म्हणून मोकळं होण्याची घाई त्यात आहे. तिन्ही पुस्तकं मात्र टेबलावर एकत्र ठेवून वाचता येतात आणि कोण कुठे निसटतो ते बोट ठेवून दाखवता येतं. नुसत्या आठवणींवर चालणाऱ्या वादात हे जमत नाही.

पुढच्या वर्षी, 1942 साली, वैकुंठभाई मेहता आले. सहकारातही नियोजन हवं, असं त्यांचं मागणं. आठ वर्षांनी नगर जिल्ह्यात प्रवरेकाठी विठ्ठलराव विखे पाटलांच्या खटपटीतून सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हा त्याचे पहिले अध्यक्ष धनंजयराव गाडगीळ होते आणि मुंबई राज्याचे अर्थमंत्री वैकुंठभाई. कारखाना व्याख्यानातून निघाला असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. तो शेतकऱ्यांनी गोळा केलेल्या भागभांडवलातून निघाला. तरी यजमान आणि वक्ता दोघेही आपापल्या बोलण्याला जबाबदार राहिले, एवढं म्हणायला हरकत नाही.

आता तक्रारीचं. या पुस्तिका इंग्रजीत आहेत. सरकारदरबारी, मुंबई-दिल्लीत आणि परदेशी विद्यापीठांत पोचायचं तर इंग्रजी हवं, हे कबूल. पण सहकार आणि आदिवासी या विषयांवरचं बोलणं ज्यांच्याविषयी होतं त्यांच्या हाती ते कधी पडलंच नाही. संस्थेला मराठी वर्ज्य होतं असं मुळीच नाही. वि. म. दांडेकर आणि म. भा. जगताप यांचा 'महाराष्ट्राची ग्रामीण समाजरचना' हा मराठी ग्रंथ संस्थेनेच काढला. याच दांडेकरांनी पुढे नीलकंठ रथ यांच्याबरोबर 1971 साली दारिद्र्यावरचा तो गाजलेला इंग्रजी अभ्यास प्रसिद्ध केला आणि देशभर वादळ उठवलं. दोन्ही भाषांत तितक्याच नेटकेपणाने लिहिणारी माणसं घरात असताना व्याख्यानाची मराठी आवृत्ती काढायची रीत पडली नाही, ही चुकामूक मला खटकते. बाबासाहेबांचं भाषण निदान सहज मिळू लागलं, इंग्रजीतच का होईना, कारण 1979 साली महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली त्यांच्या समग्र वाङ्मयाचा पहिला खंड काढला आणि लाहोरच्या न झालेल्या भाषणाबरोबर पुण्याचं हे झालेलं भाषणही त्यात घेतलं.

संस्थेच्या काळे सभागृहात आजही व्याख्यानं होतात. समोर विद्यार्थी, मागे निवृत्त प्राध्यापक, बँकेतले जुने अधिकारी, एखादा वर्तमानपत्राचा वार्ताहर. वक्त्याजवळ आता स्लाइड असतात, आणि पुष्कळ ठिकाणी भाषणाचं चित्रण झालं की ते प्रसिद्ध झालं असं धरलं जातं. मला ते पटत नाही. दीड तासाच्या चित्रफितीत तळटीप नसते, आकड्याचा उगम नसतो, 41 व्या मिनिटाला काय म्हटलं ते शोधायला कोणी बसत नाही. वक्त्यालाही मग वाक्य दुरुस्त करायची, गाळलेलं परत घालायची संधी उरत नाही, जी बाबासाहेबांनी घेतली होती.

जुन्या पुस्तिका धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयात आहेत. कागद पिवळा पडलाय, काहींना मुळातली कव्हरंही नाहीत. संस्थेने जुन्या ग्रंथांची पानं संगणकावर चढवून सगळ्यांना खुली केली आहेत, त्यामुळे पुण्याला न येताही त्यांतलं पुष्कळ वाचता येतं. सुरुवात करायची असेल तर ठक्करबाप्पांपासून करावी. ती सहा दुखणी आजही समाजशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांत भेटतात, आणि त्यांतलं पाचवं, सदोष प्रशासन, वाचताना मेळघाटच्या आदिवासी पट्ट्यातल्या बातम्या चाळून बघाव्यात.