प्रौढपणी स्वमग्नतेचे निदान : गैरसमज आणि वस्तुस्थिती

स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, ही मेंदूच्या जडणघडणीतील भिन्नता आहे. सामाजिक संवादातील अडचणी हे तिचे एक अंग. ठरलेल्या क्रमाची ओढ, ठरावीक विषयांत खोल गुंतणे आणि आवाज, प्रकाश, स्पर्श यांची अतितीव्र किंवा मंद जाणीव हे दुसरे. काही जणांना ही लक्षणे तिशी-चाळिशीनंतर, अनेकदा स्वतःच्या मुलाचे निदान होताना, आपल्यात दिसू लागतात.

गैरसमज : लहानपणी निदान झाले नाही, म्हणजे ऑटिझम नाही.
वस्तुस्थिती : लक्षणांची सुरुवात बालपणात असावी लागते, निदानाची नव्हे. 2013च्या डीएसएम-5 या निदानपुस्तिकेनुसार सामाजिक अपेक्षा झेपेनाशा होईपर्यंत लक्षणे पुरती उघड न होणे शक्य असते. शाळेचे वेळापत्रक आणि घरचा आधार यांवर निभावून जाते. वसतिगृह, नोकरी किंवा संसार सुरू झाल्यावर ताण वाढतो. शिवाय निकषही बदलत गेले. या पुस्तिकेत ऑटिझमला स्वतंत्र स्थान 1980 मध्ये मिळाले, तर अस्पर्गर सिंड्रोम या ऑटिझमशी मिळत्याजुळत्या निदानाचा समावेश 1994 मध्ये झाला. त्याआधी शाळेत गेलेल्या, नीट बोलणाऱ्या, अभ्यासात बऱ्या मुलांच्या बाबतीत ही शंका क्वचितच घेतली जाई.

गैरसमज : नजरेला नजर देणाऱ्या, नोकरी आणि संसार करणाऱ्या व्यक्तीला ऑटिझम नसतो.
वस्तुस्थिती : अनेक जण इतरांचे निरीक्षण करून हावभाव आणि संभाषणाच्या रीती शिकून घेतात. याला मास्किंग म्हणतात. बाहेरून सहज वाटणाऱ्या या वागण्याला सतत प्रयत्न लागतात आणि त्यातून प्रचंड थकवा येऊ शकतो.

गैरसमज : ऑटिझम पुरुषांतच आढळतो.
वस्तुस्थिती : पुरुष आणि स्त्रियांचे प्रमाण दीर्घकाळ चारास एक असे सांगितले जाई. 2017च्या एका व्यापक विश्लेषणात ते तीनास एकच्या जवळ निघाले आणि मुलींचे निदान निसटत असल्याचेही दिसले. अबोल मुलगी ‘लाजाळू’ ठरते, त्यामुळे तिच्या अडचणी नजरेआड राहतात.

गैरसमज : नैराश्य, चिंता किंवा एडीएचडी (अवधानाचा अभाव आणि अतिचंचलता) असल्यास ऑटिझमचा प्रश्नच उरत नाही.
वस्तुस्थिती : हे सारे एकत्र असू शकते. ऑटिझम आणि एडीएचडी ही दोन्ही निदाने एकाच व्यक्तीला देण्यास डीएसएममध्ये 2013 पर्यंत वाव नव्हता, आता आहे. चिंतेवर उपचार घेऊनही मूळ अडचणी कायम राहिल्याने काही जण ऑटिझमच्या तपासणीपर्यंत पोहोचतात.

गैरसमज : ऑनलाइन प्रश्नावली किंवा मेंदूचा स्कॅन पुरेसा असतो.
वस्तुस्थिती : रक्ततपासणी किंवा एमआरआयने ऑटिझमचे निदान होत नाही. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेली 50 प्रश्नांची एक्यू (ऑटिझम-स्पेक्ट्रम कोशंट) प्रश्नावली केवळ पुढील तपासणीची गरज सुचवते. निदान मनोविकारतज्ज्ञ किंवा चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ सविस्तर मुलाखत आणि निरीक्षणातून करतात. बालपणाची माहिती आईवडील किंवा थोरल्या भावंडांकडून मिळते. प्रगतिपुस्तकातील शेरेही उपयोगी पडतात. तपासणी करणाऱ्याला प्रौढांतील ऑटिझमचा अनुभव आहे का, हे आधी विचारून घेणे इष्ट.

गैरसमज : औषध नाही, तेव्हा निदानाचा उपयोग नाही.
वस्तुस्थिती : ऑटिझम बरा करणारे औषध नाही, हे खरे. मात्र सोबतच्या चिंता आणि नैराश्यावर उपचार होतात, समुपदेशन व्यक्तीच्या गरजेनुसार बेतता येते. कामाच्या ठिकाणी शांत जागा किंवा लेखी सूचना मागण्यास आधार मिळतो. भारतात 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 दिव्यांगत्वांमध्ये ऑटिझमचा समावेश आहे. तरी निदान आणि दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र या वेगळ्या गोष्टी आहेत. प्रमाणपत्रासाठी सरकारी यंत्रणेकडून स्वतंत्र मूल्यमापन होते आणि आरक्षणासारख्या लाभांना किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागते. निदान झाले म्हणून प्रमाणपत्र घेतलेच पाहिजे असे नाही.