जुन्या ट्रॅक्टरला दुसरे इंजिन बसविताना

घरातला जुना ट्रॅक्टर एखाद्या दिवशी कायमचा बसतो आणि मग दारात जो तो सल्ला द्यायला येतो. "नवीन घ्या" म्हणणारे असतात, "भंगारात घाला" म्हणणारे असतात, आणि "दुसरं इंजिन बसवू, महिन्यात रानात फिरवून दाखवतो" असे म्हणणारा एक मिस्त्री हटकून असतो. या तिसऱ्या सल्ल्याविषयी आज बोलू. मी शेतकी पदवीधर. माती, बियाणे, खते हा माझा प्रांत. इंजिन खोलणे हा नव्हे. पण विस्तार अधिकारी म्हणून तीस वर्षे गावोगाव हिंडलो, आणि इंजिन बदलून पस्तावलेले ट्रॅक्टर इतके पाहिले की आपोआप चार गोष्टी कळत गेल्या.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या तालुक्यातील एका आबांच्या वस्तीवर गेलो होतो. ट्रॅक्टर पस्तीस अश्वशक्तीचा, तीन सिलिंडरचा, वय थोरल्या मुलाएवढे. मळणी यंत्राला जोडून दिवसभर चालविला, भुशाने रेडिएटरची जाळी गच्च भरली, पाणी उकळून गेले तरी कोणी पाहिले नाही. हेड वाकले आणि ब्लॉकला चीर गेली. मिस्त्रीने सुचविले की अपघातात सापडलेल्या एका मोटारगाडीचे डिझेल इंजिन स्वस्तात मिळते आहे, पंचावन्न अश्वशक्तीचे. आबा खूष. पस्तीसच्या जागी पंचावन्न, म्हणजे दोन फाळांच्या जागी तीन फाळ ओढणार! पैसे कोठून आणणार, असे विचारले तेव्हा वहिनी हळूच म्हणाल्या, "धाकटीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी ठेवलेत, त्यातलेच." तेव्हा मी चहाचा कप खाली ठेवला आणि आबांना म्हटले, मिस्त्रीला उद्या बोलावू, पण आज आपण कागद-पेन्सिल घेऊन बसू.

तुम्हीही बसा. अश्वशक्तीचा आकडा एकटा काही सांगत नाही, तो किती फेऱ्यांवर मिळतो हे पाहावे लागते. नांगर ओढतो तो शाफ्टचा पीळ, ज्याला मिस्त्री टॉर्क म्हणतात. हिशेब सोपा आहे. अश्वशक्तीला ७१६ ने गुणा आणि मिनिटाच्या फेऱ्यांनी भागा, म्हणजे पीळ किलोग्रॅम-मीटरमध्ये मिळतो. ट्रॅक्टरचे पस्तीस अश्वशक्तीचे इंजिन २००० फेऱ्यांवर चालते. पीळ आला साडेबारा. गाडीचे लहान इंजिन पंचावन्न अश्वशक्ती देते खरे, पण समजा ५००० फेऱ्यांवर देते. पीळ आला आठाच्याही थोडा आत. फेऱ्या खाली आणल्या की तो थोडा वाढतो, साडेआठ धरू. आता उलटा हिशेब करा. साडेआठ पिळाने २००० फेऱ्यांवर किती अश्वशक्ती मिळेल? जेमतेम चोवीस. पंचावन्न म्हणून आणलेले इंजिन तुमच्या रानात चोविसाचे होते!

आबा म्हणाले, "मग पाच हजारांवर पळवू की." तेही पाहू. ट्रॅक्टरचे गिअर आणि पीटीओ सावकाश फिरणाऱ्या इंजिनासाठी कातलेले असतात. समजा तुमच्या ट्रॅक्टरचा पीटीओ इंजिनाच्या १८०० फेऱ्यांवर ५४० फेऱ्या देतो. इंजिन ३६०० वर नेले की पीटीओ १०८० वर जातो. मळणी यंत्र आणि रोटाव्हेटर ५४० साठी बनविलेले असताना ते दुप्पट वेगाने फिरविणे म्हणजे जवळ उभ्या असलेल्या माणसाच्या जिवाशी खेळ आहे. शिवाय प्रत्येक गिअरमध्ये ट्रॅक्टर दुप्पट पळेल. त्याचे ब्रेक आणि स्टिअरिंग त्या वेगासाठी नाहीत.

गव्हर्नर हा याच्याच पोटातला विषय, पण त्याकडे कोणी पाहत नाही. ट्रॅक्टरच्या डिझेल पंपातला गव्हर्नर हातलिव्हर जेथे ठेवाल तेथे फेऱ्या धरून ठेवतो. मळणीत पेंढी अडकली तर डिझेल वाढवितो, मोकळी झाली की कमी करतो. अनेक गाड्यांच्या पंपात गव्हर्नर फक्त सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त वेग सांभाळतो, मधले सारे ड्रायव्हरच्या पायावर. असे इंजिन मळणीला लावले की भार सुटताक्षणी ते किंचाळत वर जाते. मग एक माणूस दिवसभर लिव्हरजवळ उभा ठेवावा लागतो.

आणखी एक गोष्ट ट्रॅक्टरला खाली वाकून पाहा. मोटारीला वा ट्रकला लोखंडी चौकट असते, इंजिन तिच्यावर रबराच्या गाद्यांवर बसविलेले असते. आपल्या बहुतेक ट्रॅक्टरांना अशी चौकटच नाही. मागचा धुरा, गिअरबॉक्स, बेलहाउसिंग, इंजिनाचा ब्लॉक आणि पुढचा धुरा हे सारे एकाला एक बोल्टने जोडलेले. म्हणजे इंजिन हाच ट्रॅक्टरच्या पाठीचा कणा. नांगर दगडाला अडला की तो धक्का ब्लॉकमधून पुढच्या चाकापर्यंत जातो. गाडीचा पातळ ब्लॉक आणि पत्र्याचा ऑइलचा संप हे ओझे पेलण्यासाठी घडविलेले नाहीत. मिस्त्री दोन्ही बाजूंनी चॅनेलची पट्टी वेल्ड करतात. वेल्डिंग चांगले असले आणि माप अचूक असले तर चालतेही, पण इंजिनाचा आणि गिअरबॉक्सचा मध्य केसभर चुकला तर क्लच प्लेट आणि पुढचे बेअरिंग वरचेवर जात राहतात, आणि दोष मात्र क्लच प्लेटला मिळतो.

हा खटाटोप काही आपल्याकडेच चालतो असे नाही. हॅरी फर्ग्युसनचा टीई-२० हा ट्रॅक्टर १९४६ पासून इंग्लंडातील कव्हेंट्रीत तयार होऊ लागला. त्याला लवकरच स्टँडर्ड कंपनीचे पेट्रोल इंजिन बसू लागले, आणि त्याच घराण्याचे इंजिन १९५३ च्या ट्रायम्फ टीआर-२ या शर्यतीच्या थाटाच्या गाडीत बसले. पुढे डिझेल स्वस्त पडते म्हणून पुष्कळांनी त्या फर्ग्युसनमध्ये पर्किन्सचे तीन सिलिंडरचे पी-३ डिझेल इंजिन बसवून घेतले. ते जमले, कारण त्यासाठी लागणारे जोडणीचे सामान पर्किन्सने स्वतःच तयार करून विकले होते. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या फंक बंधूंच्या कारखान्याने फोर्डच्या लहानशा ८-एन ट्रॅक्टरात मोठे आठ सिलिंडरचे व्ही-८ इंजिन बसविण्याचे सामान काढले. शक्ती बेताच्या पंचविसावरून एकदम शंभराच्या घरात! पण मागचा गिअरबॉक्स आणि धुरा जुनेच. अशा ट्रॅक्टरला पूर्ण जोराने ओढायला लावले तर इंजिन हसते आणि गिअर रडतात. मोठ्या इंजिनाचा मोह होईल तेव्हा हे आठवा.

परदेशातले हौशी लोक तर जुन्या गाड्यांत हेच करीत बसलेले असतात. फोक्सवॅगन आणि पोर्शे यांनी मिळून १९६९ ते १९७६ या काळात ९१४ नावाची दोन बैठकांची गाडी काढली. तिचे इंजिन बैठकीच्या मागे आणि मागच्या धुऱ्याच्या पुढे, म्हणजे गाडीच्या पोटात. आणि ते हवेने थंड होणारे. आज कोणी तीत सुबारूचे पाण्याने थंड होणारे इंजिन घालतो तेव्हा त्याला पुढच्या बाजूला रेडिएटर बसवून गाडीच्या खालून लांबलचक नळ्या न्याव्या लागतात. शेव्हरोले कॉर्व्हेअरच्या इंजिनाची गंमत तर आणखी वेगळी. ते उलट दिशेने फिरते. ते फोक्सवॅगनच्या गिअरबॉक्सला तसेच जोडले, तर गाडीला एक गिअर पुढचा आणि चार मागचे! मागच्या धुऱ्यातले मोठे दातेरी चाक उलटून बसवावे लागते. आबांना हे सांगितले तेव्हा ते इतके हसले की वहिनी चुलीपुढून उठून पाहायला आल्या. पण त्या हौशी लोकांचे पोट त्या गाडीवर चालत नाही. महिनाभर बिघडली तर गाडी गॅरेजमध्ये झाकून ठेवता येते. मृगाचा पाऊस तुमच्या मिस्त्रीसाठी थांबत नाही.

थंड करण्याचा धडा मात्र त्यांच्याकडून घ्यावा. गाडी रस्त्यावर धावते तेव्हा वारा आपोआप रेडिएटरवर येतो. ट्रॅक्टर नांगरताना तासाला चार-पाच किलोमीटर चालतो आणि मळणीला तर उभाच असतो, तेही पूर्ण भारावर. सारे काम पंख्याने आणि रेडिएटरने करायचे. म्हणून इंजिन बदलले तरी रेडिएटर आणि पंखा ट्रॅक्टरच्याच मापाचा हवा. हायड्रॉलिकचा पंप कोठून फिरतो हेही पाहा. काही ट्रॅक्टरांत तो मागे गिअरबॉक्समध्ये असतो, तेथे प्रश्न नाही. काहींत तो इंजिनालाच लावलेला असतो, आणि नव्या इंजिनावर त्याला जागा नसली तर तीन बिंदूंची जोडणी उचलणारच नाही.

मग करावे काय? पहिल्यांदा तुमचे इंजिन खरोखर मेले आहे काय ते पाहा. पुष्कळदा ते नुसते झिजलेले असते. निळा धूर, ब्रीदरमधून भसाभस वाफ आणि ऑइलचा खप, म्हणजे पिस्टन-रिंग आणि लायनर संपले. ते बदलता येतात. ऑइल दुधाळ चहासारखे झाले तर त्यात पाणी उतरते आहे; हेड गॅस्केट, लायनरचे रबरी कडे किंवा चीर, यांपैकी काय ते शोधून घ्या. क्रँक झिजला असला तर पाव, अर्धा, पाऊण मिलिमीटर असा घासून त्या मापाची बेअरिंगे घालता येतात. ब्लॉक फुटला असला, किंवा क्रँकचे शेवटचे मापही संपले असले, तरच दुसऱ्या इंजिनाचा विचार करावा.

आणि तो करताना आधी त्याच मेकचे, त्याच मॉडेलचे हाफ इंजिन किंवा नुसता ब्लॉक शोधावा. बेलहाउसिंग, बोल्टची भोके, पुढच्या धुऱ्याची बैठक, पंप, सारे जसेच्या तसे बसते आणि सुटे भाग तालुक्याच्या दुकानात मिळतात. दुसऱ्या मेकचे घ्यायचेच झाले तर ट्रॅक्टरचेच इंजिन घ्यावे, तेवढ्याच फेऱ्यांचे, आणि तशी जोडणी केलेला दुसरा ट्रॅक्टर निदान दोन हंगाम चाललेला स्वतः जाऊन पाहावा.

कागदपत्रांविषयी थोडक्यात सांगतो, पण हे विसरू नका. इंजिनाचा नंबर तुमच्या नोंदणी पुस्तकात असतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे अशा फेरबदलाला नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी लागते. आधी आरटीओ कचेरीत विचारा, मग पान्याला हात लावा. विक्रेत्याकडून नंबरासह पावती घ्या आणि इंजिन ज्या वाहनातून निघाले त्याचे कागद मागा. नंबर खरवडलेला दिसला तर कितीही स्वस्त असो, तेथून उठा. अपघात झाला आणि नंबर जुळला नाही तर विमा मागताना अडचण येते, आणि चोरीचे इंजिन निघाले तर पोलीस ठाण्याच्या खेपा वेगळ्याच.

आबांच्या घरी शेवटचा हिशेब वहिनींनीच सोडविला. डिझेलची वही त्या ठेवतात. वर्षभराचे डिझेल मोजले तेव्हा कळले की ट्रॅक्टर साऱ्या वर्षात तीनशे तासांच्या आतबाहेर चालतो, तोही निम्मा ऊस वाहतुकीला. "एवढ्यासाठी तीन फाळ कशाला हवेत?" त्या म्हणाल्या. आबा काही बोलले नाहीत. मग दोन तालुके पालथे घालून मागचा धुरा मोडल्यामुळे भंगारात निघालेला त्याच मॉडेलचा एक ट्रॅक्टर सापडला. त्याचा ब्लॉक शाबूत होता. तो धुऊन, पाण्याच्या दाबावर तपासून घेतला, नवे लायनर-पिस्टन घातले, जुना क्रँक पाव मिलिमीटर घासला, हेड तासून घेतले आणि डिझेल पंप शहरात नेऊन कॅलिब्रेट केला. मोटारीच्या इंजिनाहून खर्च थोडा अधिकच आला, पण चॅनेल, वेल्डिंग आणि क्लचचा पुढचा खर्च धरला तर तो कमीच म्हणावा लागेल. धाकटीचा प्रवेश झाला. पहिल्या हप्त्याला आबांनी एक गाभण कालवड विकली.

इंजिन चालू झाल्यावर पहिले पन्नास तास त्याला पूर्ण भार देऊ नये आणि रिकामेही तासन्‌तास गुरगुरत ठेवू नये. हलकी कुळवणी किंवा अर्धी ट्रॉली ठीक. पन्नास तासांनी ऑइल आणि फिल्टर बदलावा, आणि हेडचे बोल्ट तुमच्या मॉडेलच्या पुस्तकात दिल्याप्रमाणे तपासावेत. मळणीच्या दिवसांत दर दोन तासांनी रेडिएटरची जाळी झाडून काढावी. आबांच्या वस्तीवर आता ते काम थोरल्या नातवाकडे दिले आहे. तो केरसुणी घेऊन शेजारीच बसतो.