खुर्चीची जप्ती

जप्तीला आलेला बेलिफ आरडाओरडा करत नाही. वॉरंट दाखवतो, यादी करतो आणि हमालाला खूण करतो. त्या दिवशीच्या यादीत सहा लाकडी खुर्च्या, दोन संगणक, एक प्रिंटर आणि साहेबांची फिरती खुर्ची होती. लेखापाल म्हणाले, "प्रिंटर बंद आहे हो." बेलिफनं शांतपणे कंसात 'बंद' असं लिहिलं आणि प्रिंटरही उचलायला लावला.

फिरती खुर्ची व्हरांड्यात आणून ठेवली. शेजारी सत्तरीचे एक शेतकरी उभे होते. त्यांच्याच दरखास्तीवर ही जप्ती निघाली होती. पाझर तलावात त्यांची तीन एकर जमीन गेली, त्याला अकरा वर्षं झाली होती. कोर्टानं वाढवून दिलेला मोबदला अजून हातात पडला नव्हता. गर्दीतलं कुणीतरी म्हणालं, "बसा की बाबा, आता तुमचीच हाय." बाबा दोन पावलं मागं सरकले. "नको. साहेबाची हाय ती. मला पैशे पायजेत, खुर्ची घिऊन काय करू?"

मी तेव्हा जिल्हा सरकारी वकील होते. म्हणजे ज्या सरकारची खुर्ची उचलली जात होती, त्या सरकारची वकील. गावात चर्चा झाली की सरकारी वकिलांनी केस घालवली. खरी गोष्ट वेगळी होती. आमच्या ऑफिसातल्या सगळ्यांत लहान वकीलबाईनं दोन वर्षांपूर्वीच लेखी अभिप्राय दिला होता : निकाल योग्य आहे, अपील करू नये, रक्कम भरावी. त्या अभिप्रायाखाली माझी सही होती.

सरकारी वकिलांच्या गटाचं प्रमुखपण म्हणजे काय, असं कुणी विचारलं की मला तो कागद आठवतो.

आधी हे वकील कोण, ते सांगते. कारण कोर्टात रोज येणाऱ्या माणसाचाही गोंधळ होतो. 'एपीपी' असा पुकारा झाला तर त्यातून दोन वेगळी माणसं निघू शकतात. सत्र न्यायालयात काम करणारे अतिरिक्त सरकारी वकील हे वकिलांच्या बारमधूनच येतात. किमान ७ वर्षांची वकिली लागते, नेमणूक ठरावीक मुदतीची असते आणि मुदत वाढली तर वाढली. दंडाधिकाऱ्यांच्या कोर्टातले सहायक सरकारी अभियोक्ते मात्र लोकसेवा आयोगातून आलेले पूर्णवेळ नोकरदार असतात आणि ते अभियोग संचालनालयाच्या हाताखाली येतात. दोघांचंही इंग्रजी लघुरूप एकच. दिवाणी दाव्यांत सरकारची बाजू मांडणारे सहायक सरकारी वकील आणखी वेगळे, त्यांना एजीपी म्हणतात. जिल्हा सरकारी वकिलाच्या ऑफिसात दिवाणी आणि सत्र न्यायालयाची मंडळी असतात. माझ्याकडे असे अकरा जण होते.

दंडाधिकारी कोर्टातले अभियोक्ते एके काळी पोलीस खात्याच्याच शिस्तीत असत. तपास करणारा साहेब आणि खटला चालवणारा वकील एकाच छत्राखाली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनं हे चित्र बदलायला हवं होतं, पण आपल्या राज्यात ते रेंगाळलं. शेवटी १९९५ मध्ये शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अभियोक्त्यांना पोलिसांपासून वेगळं करा आणि त्यांचा स्वतंत्र विभाग करा. मी ही गोष्ट प्रत्येक नव्या सहकाऱ्याला सांगायची. आपण कुणाचे वकील नाही आहोत, हे आधी कळलं की कुणाचे आहोत ते लवकर कळतं.

आता माझ्या हातात काय होतं? पगारवाढ नाही, बढती नाही, बदलीही नाही. नेमायचे अधिकार सरकारचे, काढायचेही सरकारचे. सहकाऱ्यांना सरकारविरुद्ध वकीलपत्र घेता येत नसे, पण खासगी दिवाणी कामं चालत. त्यामुळे चार वाजले की निम्म्यांचं लक्ष आपापल्या घरच्या ऑफिसकडे लागायचं. माझ्या हातात तीनच गोष्टी होत्या : सोमवारी सकाळी बोर्ड, म्हणजे सुनावणीच्या प्रकरणांची यादी, वाटून देणं, अभिप्रायाखाली सही करणं आणि आढावा बैठकीत कोण बोलणार हे ठरवणं. नऊ वर्षं मी या तीन गोष्टींवर काढली.

बोर्ड वाटण्याचं म्हणाल तर सगळ्यांना सोपी मॅटरं हवी असतात. त्यात त्यांची चूक नाही. खटले मोजताना वर फक्त दोषसिद्धीचं प्रमाण विचारलं जातं. पंच फितूर, साक्षीदार घरी बसलेला, मुद्देमालाचं सील ढिलं, अशा खटल्यात उभा राहणारा वकील हरणारच. मग कागदावर तो नालायक ठरतो आणि सरळ खटला चालवणारा हुशार. म्हणून मी एक अवघड आणि एक सोपं अशी जोडी लावून द्यायची आणि स्वतःकडे दोन अवघड ठेवायची. प्रमुखानं मलईची मॅटरं स्वतःला ठेवली की हाताखालचे वकील एका आठवड्यात ओळखतात.

दिवाणी बाजूला वेगळीच कसरत. सरकारवर दावा लावायचा तर साधारणपणे आधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. दिवाणी प्रक्रिया संहितेतलं कलम ८०. कायदा करणाऱ्यांचा हेतू चांगला होता : सरकारनं दोन महिन्यांत आपलं चुकलं असेल तर दुरुस्त करावं आणि माणसाला कोर्टाची पायरी चढावी लागू नये. प्रत्यक्षात ती नोटीस आवक नोंदवहीत चढते आणि नस्तीत निजते. मग समन्स येतं. ३० दिवसांत कैफियत द्यायची, फार तर ९० दिवसांपर्यंत मुदत मिळते. कैफियत लिहायला खात्याकडून परिच्छेदनिहाय शेरे लागतात. ते येत नाहीत. आमचा एजीपी फोन करतो, "भाऊसाहेब, शेरे?" पलीकडून उत्तर येतं, "साहेब दौऱ्यावर आहेत." शेवटी 'नो डब्ल्यूएस'चा, म्हणजे कैफियतीविनाच दावा पुढे चालवण्याचा, आदेश होतो आणि तो उठवायला खर्चासकट अर्ज करावा लागतो. न्यायाधीशांसमोर मान खाली घालून उभा राहतो तो आमचा माणूस. दौऱ्यावर गेलेले साहेब तिथे नसतात.

मी एक वही केली. खात्याचं नाव, पत्राची तारीख, स्मरणपत्राची तारीख, कुणाशी बोललो त्याचं पद. कोर्टानं विचारलं की एजीपीनं वही उघडायची. पहिले काही महिने खात्यांना राग आला. नंतर शेरे येऊ लागले. सगळे नाहीत, पण येऊ लागले. माझ्या सहकाऱ्यांना त्या वहीनं एवढंच कळलं की चूक आपली नसेल तर ती आपल्या डोक्यावर फुटणार नाही.

आता त्या बाबांच्या जमिनीकडे येते. १८९४ च्या जुन्या भूसंपादन कायद्याखाली मोबदला कमी वाटला तर शेतकरी कलम १८ खाली कोर्टात वाढ मागू शकत असे. कोर्टानं वाढ दिली की ताब्यापासून पहिल्या वर्षाला ९ टक्के आणि पुढे रक्कम जमा होईपर्यंत दरसाल १५ टक्के व्याज. समजा वाढ १ लाखाची आहे आणि पैसे भरायला १० वर्षं लागली. पहिल्या वर्षाचे ९ हजार, पुढच्या नऊ वर्षांचे १ लाख ३५ हजार. व्याजच १ लाख ४४ हजार झालं. मूळ वाढीपेक्षा जास्त. 'बघू नंतर' असं म्हणणाऱ्या प्रत्येक टेबलाची किंमत ही अशी निघते आणि ती सरकारच्या तिजोरीतून, म्हणजे तुमच्या-माझ्या खिशातून जाते.

निकाल लागला तेव्हा आमच्या त्या धाकट्या वकीलबाईनं तो दोनदा वाचला. शेजारच्या गटाची खरेदीखतं, विहिरीची नोंद, सातबाऱ्यावरचं पीक, सगळं तपासलं. मग माझ्या टेबलापाशी येऊन घुटमळली.

"मॅडम, निकालात चूक सापडत नाही."

"मग?"

"तसं लिहू? अपील नको म्हणून? म्हणतील, समोरच्याला सामील झाली."

ही भीती प्रत्येक सरकारी वकिलाच्या मनात असते. 'अपील करा' असं लिहिणं फार सोपं. त्यात धोका काहीच नाही, पुढे जे व्हायचं ते वरच्या कोर्टात होईल. 'अपील नको' लिहिणाऱ्याकडे मात्र उद्या कुणीही बोट दाखवू शकतं. मुदतवाढीच्या वेळी तर हमखास. सरकारी दाव्यांचे ढीग वाढतात त्यामागे ही भीती मोठी आहे, असं माझं नऊ वर्षांच्या अनुभवावरून मत झालं आहे.

मी म्हटलं, "कारणं सविस्तर लिही. खाली पहिली सही माझी घे."

तिनं साडेचार पानं लिहिली. मी सही केली. अभिप्राय खात्याकडे गेला आणि तिथे थांबला. अपिलाची ९० दिवसांची मुदत गेली. पैसेही भरले नाहीत. वर्ष उलटल्यावर खात्याला जाग आली आणि विचारणा झाली की आता विलंब माफ करून अपील करता येईल का. आम्ही त्यांना सर्वोच्च न्यायालयाचा २०१२ चा पोस्ट खात्याविरुद्धचा निकाल पाठवला. त्यात ४२७ दिवसांचा उशीर होता आणि फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत होती हे कारण न्यायालयानं मान्य केलं नव्हतं. मुदतीचा कायदा सरकारलाही तोच, असं बजावलं होतं. आमचं उत्तर पुन्हा तेच : पैसे भरा. सरकारविरुद्धच्या हुकूमनाम्याची अंमलबजावणी तीन महिने थांबते, कायद्यानंच ती सवलत दिली आहे. त्यानंतर थांबत नाही. मग बेलिफ आला.

आपल्याच बाजूला न आवडणारं खरं सांगायचं का, हा प्रश्न फौजदारी बाजूलाही वेगळ्या वेषात येतो. खुनाच्या प्रयत्नाचा एक खटला होता. आमच्या एका सहकाऱ्याला तपासाच्या कागदांत ग्रामीण रुग्णालयाचा पहिला केसपेपर सापडला. दोषारोपपत्राला तो जोडलेला नव्हता. त्यावर डॉक्टरांनी जखमीच्या तोंडून लिहिलं होतं : गाडीवरून पडून लागले.

"मॅडम, हा कागद आरोपीच्या वकिलांकडे नाही."

"मग उद्या असेल."

कागद दिला. आरोपी सुटला. फौजदार कोर्टाच्या पायऱ्यांवरच म्हणाले, "आपल्याच वकिलानं घात केला." मी सहकाऱ्याला ऑफिसात पाठवलं आणि फौजदारांशी स्वतः बोलले. सर्वोच्च न्यायालयानं १९९९ मध्ये शिवकुमार विरुद्ध हुकुमचंद या निकालात हे स्पष्ट केलंय की सरकारी वकिलानं कसंही करून शिक्षा मिळवण्याच्या मागे लागायचं नसतं आणि आरोपीला मिळायला हवा असा फायदा दडवायचाही नसतो. उलट बाजूनं ढिलाईही चालत नाही. बेस्ट बेकरी खटल्यात साक्षीदार पटापट फिरले आणि सरकारी वकिलाच्या वागण्यावर २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कडक ताशेरे ओढले. खटला गुजरातबाहेर, आपल्या मुंबईत पुन्हा चालवावा लागला. या दोन निकालांच्या मधून जी पायवाट जाते, तिच्यावरून रोज चालायचं. एकट्या वकिलाला ती फार अरुंद वाटते. मागे कुणी उभं आहे हे माहीत असलं तर पाय डळमळत नाही.

म्हणून तिसरी गोष्ट, आढावा बैठक. दर महिन्याला मोठ्या टेबलाभोवती सगळी खाती बसायची आणि हरलेल्या मॅटरची यादी वाचली जायची. माझा नियम साधा होता. जिंकलेलं मॅटर ज्याचं त्यानं सांगायचं, नाव घेऊन. हरलेल्याचं कारण मी सांगायचं, नाव न घेता. ऑफिसात परत आल्यावर दार लावून ज्याला बोलायचं त्याला बोलायचेच. उलटतपासणीची तयारी न करता गेलेल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याला मी असं बोलले होते की ते दोन दिवस चहाला आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते पुढच्या साक्षीदाराची टिपणं घेऊन.

१ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता आली. कलमांचे आकडे बदलले, पाठ केलेलं सगळं पुन्हा पाठ करायचं. मी तोवर कार्यभार सोडला होता. जुने सहकारी फोन करून तक्रार करतात. मी म्हणते, आकडे बदलले, फौजदार आणि भाऊसाहेब तेच आहेत.

बाबांचे पैसे जप्तीनंतर तेविसाव्या दिवशी कोर्टात जमा झाले. खुर्च्या, संगणक आणि बंद प्रिंटर कार्यालयात परत गेले. टेम्पोतून उतरवताना साहेबांच्या फिरत्या खुर्चीचा एक हात मोडला. आठ दिवसांत आमच्याकडे पत्र आलं : दुरुस्तीचा खर्च डिक्रीधारकाकडून वसूल करता येईल का, याबाबत आपला अभिप्राय तातडीने कळवावा. सोबत बेलिफच्या यादीची प्रत, सुताराचं दरपत्रक आणि मोडलेल्या हाताचे दोन फोटो. माझ्या नऊ वर्षांत खात्याकडून मुदतीत आणि सर्व सहपत्रांसह आलेलं तेवढंच एक पत्र.

धाकट्या वकीलबाईनं या वेळी मला काही विचारलं नाही. दोन ओळी लिहिल्या : वसूल करता येणार नाही, खर्च कार्यालयानेच सोसावा. स्वतःची सही केली आणि माझ्या सहीसाठी वरची जागा मोकळी सोडून कागद पुढे सरकवला.