परक्या वाफ्यातले बेणे

गेल्या वर्षी हळदीच्या काढणीत वसमत तालुक्यातल्या एका गावी गेलो होतो. बेण्याची निवड सांगून झाली, चहा आला, आणि घरच्या बाईंनी हळूच निराळाच प्रश्न काढला. थोरल्या मुलीच्या हाडात रक्त बनणे थांबले होते. धाकट्या भावाची अस्थिमज्जा, म्हणजे हाडातला मगज, तिला चालेल का, हे पाहण्यासाठी मोठ्या दवाखान्यात दोघांचे रक्त तपासायला दिले होते. "साहेब, पोरगं अधू तर होणार नाही? आन् त्याचं रक्त हिच्या अंगाला मानंल का?"

मी डॉक्टर नव्हे, शेतकीचा पदवीधर. पण दुसरा प्रश्न मला गोठ्यातून ओळखीचा होता.

गाईला कालवड आणि गोऱ्हा अशी जुळी झाली, तर ती कालवड बहुधा गाभण राहत नाही. गर्भात दोघांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या एकमेकींना जुळतात. गोऱ्ह्याकडून येणारे द्रव्य कालवडीच्या बीजकोशाची वाढ खुंटवते. त्याच वाटेने रक्ताच्या मूळपेशीही इकडून तिकडे जातात. अमेरिकेतील रे ओवेन यांनी १९४५ साली दाखवले की, अशा जुळ्यांत एकमेकांच्या रक्तपेशी मोठेपणीही सापडतात. गर्भातच ओळख झाल्यामुळे शरीर त्यांना परके मानत नाही.

वाढलेल्या माणसात मात्र ही ओळख नसते. म्हणून आधी कडक औषधे देऊन रोग्याची जुनी मज्जा मोडावी लागते. जणू रान मोकळे करायचे. मग दात्याच्या मूळपेशी रक्ताच्या बाटलीसारख्या शिरेतून सोडतात. हाडात त्यांना कोणी नेऊन ठेवत नाही. मज्जेतल्या पेशी एक द्रव्य सोडतात, त्याच्या मागावर त्या आपणच तिथे पोचतात. वाफसा मिळाला की दोन ते चार आठवड्यांत नव्या पांढऱ्या पेशी दिसू लागतात. आपल्या देशात हे प्रथम मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८३ साली डॉ. सुरेश अडवानी यांनी यशस्वी केले. रोगी नऊ वर्षांची मुलगी होती, रक्ताचा कर्करोग झालेली, आणि मज्जा तिच्या भावाची.

खरी कसोटी पुढे असते. बेण्यासोबत राखणदारही येतात. दात्याच्या या लढाऊ पांढऱ्या पेशींना रोग्याची कातडी, यकृत आणि आतडी परकी वाटली, तर त्या त्यांच्यावरच तुटून पडतात. अंगावर चट्टे उठतात, कावीळ होते, जुलाब लागतात. हे टाळायला राखणदारांना शांत ठेवणारी औषधे महिनोन्‌महिने चालतात. त्यातले एकही चुकवायचे नाही, आणि अंगावर साधा चट्टा दिसला तरी दवाखाना गाठायचा. एवढ्यासाठीच पेशींची जुळणी आधी पाहतात. सख्ख्या भावंडाशी ती पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक.

याच पेशी यकृताच्या पेशी बनून बिघडलेला अवयव दुरुस्त करतात, असा एक मोठा गाजावाजा मध्यंतरी झाला होता. २००३ साली उंदरांवरच्या प्रयोगांत उलगडले की, दात्याच्या पेशी यकृताच्या पेशींशी एकजीव झाल्या होत्या, म्हणून तसे भासले. मात्र यकृतात आणि फुफ्फुसात झाडलोट करणाऱ्या काही पेशी रक्ताच्याच गोत्राच्या असतात. त्या हळूहळू दात्याच्या होतात. कोणी मूळपेशी टोचून वाटेल तो अवयव बरा करू म्हणाले, तर पैशाची पिशवी उघडण्याआधी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात विचारावे.

आता बाईंचा पहिला प्रश्न. मज्जा मणक्यातून नव्हे, कमरेच्या मागच्या हाडातून भूल देऊन काढतात, किंवा काही दिवस इंजेक्शने देऊन हाताच्या शिरेतून यंत्राने पेशी वेगळ्या करतात. दुखते, थकवा येतो. पण मज्जा काही आठवड्यांत भरून येते. पोरगे त्यामुळे अधू होत नाही.

पोरगे दाराआडून ऐकत होते. त्याने विचारले, "मग ताईचा रक्तगट माझा होईल का?"

रुजले, तर होतो.