फाइल सिस्टीम प्रतिमेच्या आकाराची पडताळणी

फाइल सिस्टीम प्रतिमेच्या आकाराची पडताळणी म्हणजे अनेक फायलींचा संच एकाच फाइलमध्ये बांधणाऱ्या साधनाने, तो संच ठरलेल्या जागेत व ठरलेल्या स्वरूपात मावतो की नाही, याची केलेली तपासणी होय. फायलींची नावे, मांडणी, परवानग्या आणि मजकूर जसाच्या तसा सामावणाऱ्या अशा एकत्रित फाइलला प्रतिमा म्हणतात. हा शब्द येथे छायाचित्र या अर्थाने नसून प्रतिकृती या अर्थाने आहे. राउटर, मोबाइल किंवा मेमरी कार्ड यांवर प्रणाली चढवताना अशीच प्रतिमा वापरली जाते. नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव, अक्कलकुवा यांसारख्या सातपुड्याच्या डोंगराळ तालुक्यांत, जेथे इंटरनेटवर सर्वस्वी विसंबता येत नाही, तेथे शाळेसाठीचे साहित्य कार्डावर नेण्यासही ती उपयोगी पडते. पडताळणी चुकली, तर अपुरी प्रतिमा तयार होते आणि तो दोष कार्ड मुक्कामी पोहोचल्यावर उघड होतो.

मर्यादा कोठून येते

प्रत्येक स्वरूपात आकार लिहिण्यासाठी ठरावीक बिटांचीच जागा असते. लिनस टोरवाल्ड्स यांनी लिहिलेल्या क्रॅमएफएस या संपीडित फाइल सिस्टीममध्ये फाइलच्या आकारासाठी 24 बिट आहेत. त्यामुळे एक फाइल जास्तीत जास्त 1,67,77,215 बाइटांची, म्हणजे 16 एमबीला एक बाइट कमी एवढी, असू शकते. स्थान दाखवण्यासाठी 26 बिट असून मोजणी चार-चार बाइटांनी होते. म्हणून पोच 256 एमबीपर्यंत जाते. मात्र शेवटच्या फाइलचा आरंभ तेवढा या मर्यादेत असावा लागतो, तिचा शेवट पलीकडे गेला तरी चालतो. ‘256 एमबीहून मोठी प्रतिमा नाकारा’ असा सरळ दिसणारा नियम त्यामुळे योग्य प्रतिमाही नाकारील.

दोष आणि दुरुस्ती

सर्वांत फसवा दोष गुणाकारात लपतो. 10,48,576 खंड आणि प्रत्येक खंड 4,096 बाइटांचा असेल, तर एकूण आकार 4,29,49,67,296 बाइट होतो. ही संख्या 32 बिटांत मावणाऱ्या सर्वांत मोठ्या संख्येपेक्षा नेमकी एकाने अधिक आहे. त्यामुळे 32 बिटांच्या चलात उत्तर शून्य उरते. ‘आकार मर्यादेपेक्षा मोठा आहे काय?’ या प्रश्नाला मग ‘नाही’ असेच उत्तर मिळते. येथे तुलना निर्दोष असते, तिच्यापर्यंत पोहोचलेली संख्या सदोष असते. दुरुस्ती करताना गुणाकारापूर्वीच संख्या 64 बिटांत घेतात, किंवा मर्यादेला खंडाच्या आकाराने भागून आलेल्या भागाकाराशी खंडांची संख्या ताडून पाहतात. गुणाकार झाल्यावर उत्तर 64 बिटांच्या चलात ठेवून काही साधत नाही, कारण हानी आधीच झालेली असते.

एककांचा घोळ याहून साधा. कार्डावर छापलेले 16 जीबी म्हणजे 16,00,00,00,000 बाइट. पण साधन दोनाच्या घातांनी मोजत असेल, तर ते 17,17,98,69,184 बाइटांची प्रतिमाही मान्य करील. सुमारे 118 कोटी बाइटांना मग कार्डावर जागाच राहत नाही.

संपीडित प्रतिमेत आणखी एक अडचण असते: अंतिम आकार काम पुरे झाल्याशिवाय कळत नाही. क्रॅमएफएसची प्रतिमा बांधणारे साधन म्हणूनच आधी वरच्या बाजूचा अंदाज काढते आणि तो मर्यादेबाहेर गेला तरी केवळ इशारा देऊन पुढे चालते. हे योग्यच आहे, कारण संपीडनानंतर प्रतिमा मावण्याचा संभव असतो. 16 एमबी किंवा त्याहून मोठ्या फाइलबाबत मात्र हेच साधन फाइल मर्यादेपाशी कापते आणि तेथेही नुसता इशारा देते. स्वयंचलित व्यवस्थेत तो इशारा वाचणारे कोणी नसते. आज्ञा यशस्वी झाल्याची नोंद होते आणि फाइल अर्धवट राहते. या साधनात इशाऱ्यांनाही चूक मानण्याचा पर्याय आहे, पण तो वापरकर्त्याने आठवणीने द्यावा लागतो.

दुरुस्तीनंतर मर्यादेहून एक बाइट कमी, नेमकी मर्यादेएवढी आणि एक बाइट अधिक अशा तीन आकारांवर चाचणी घेतात. त्यासाठी खरोखर तेवढी जागा लागत नाही; लिनक्समध्ये ‘ट्रंकेट’ या आज्ञेने, डिस्कवर जवळजवळ काहीही न व्यापणारी पोकळ फाइल हव्या त्या आकाराची करता येते.